छपराच्या कडेच्या पन्हळीला तुमच्या गावच्या इंग्रजीत काय म्हणतात?

रानजाई (किचनर, ओंटारियो)

नमस्कार मंडळी,

आमच्या इथल्या मराठी मंडळातर्फे पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी एक पुस्तिका करतेय. भट्टी, तळघर, बर्फ, विमा वगैरे प्रकरणं झाली. छपरावरचं पाणी या प्रकरणाशी येऊन अडले, आणि अडले ती शब्दांमुळे.

आपण भारतातून 'गटर' हा शब्द घेऊन येतो आणि तो आपल्या डोक्यात रस्त्याकडेच्या घाण पाण्याशी जोडलेला असतो. इथे घराच्या तपासणी अहवालात लिहिलेलं असतं 'ईव्हस्ट्रॉफ'. छपराच्या कडेला आडवी बसवलेली पत्र्याची पन्हळ ती ईव्हस्ट्रॉफ, आणि तिच्यातलं पाणी भिंतीवरून खाली आणणारा उभा नळ तो 'डाउनस्पाउट'. ओळखीतल्या एका कुटुंबाने अहवालातल्या या दोन ओळी काहीतरी सुताराचं काम असेल म्हणून सोडून दिल्या. डाउनस्पाउटचं तोंड भिंतीच्या बुडाशीच उघडत होतं. बर्फ वितळायला लागलं आणि तळघरातला गालिचा भिजला.

गंमत अशी की ओहायोत राहणारी मावसबहीण आडव्या पन्हळीला 'स्पाउटिंग' म्हणते आणि न्यू जर्सीतला दीर उभ्या नळाला 'लीडर' म्हणतो. पुस्तिका इतर गावच्या मंडळांनाही द्यायची आहे, म्हणून दोन प्रश्न:

१. तुमच्याकडचे छप्परवाले, शेजारी, विमावाले आडव्या पन्हळीला आणि उभ्या नळाला काय म्हणतात?
२. मराठीत तुमच्या घरी काय म्हणत? विशेषतः उभ्या नळाला.

दुसऱ्या प्रश्नासाठी गावाकडच्या मंडळींनी जरूर लिहावं.

पंचमहातळी (मिशिगन)

आमच्याकडेही जुने लोक ईव्हस्ट्रॉफच म्हणतात. तरुण छप्परवाले आणि दुकानांतले फलक मात्र 'गटर्स' म्हणतात. उभा तो डाउनस्पाउट.

पुस्तिकेत बर्फाच्या बांधाबद्दल नक्की लिहा. माळ्यावर उष्णतारोधक थर कमी असेल तर घरातली ऊब छपरापर्यंत जाते आणि वरचं बर्फ खालून वितळतं. ते पाणी घरंगळत कडेला येतं. कडेखाली ऊब नसते, म्हणून तिथे ते पुन्हा गोठतं. असं थरावर थर साचून काठाला बांध तयार होतो आणि मागचं पाणी कौलांच्या, म्हणजे इथल्या डांबरी शिंगल्सच्या खाली उलटं शिरतं. लोक पन्हळीला दोष देतात, पण दुखणं माळ्यावर असतं.

सडेतोड

एवढा काथ्याकूट कशाला? 'गटर' म्हटलं की जगात सगळीकडे कळतं. बाकीचे शब्द म्हातारी माणसं गेली की जाणारच आहेत.

ग्लासगोकर

@सडेतोड, आमच्याकडे या. इथे आडव्या पन्हळीला 'रोन' म्हणतात आणि उभ्या नळाला 'रोनपाइप', काही जण दोन्हीला नुसतं 'रोन'. हा म्हाताऱ्यांचाच शब्द आहे असंही नाही. स्कॉटलंडचा सामायिक इमारतींचा २००४ चा कायदा आहे, तीन-चार मजली दगडी इमारतीत कोणत्या भागाचा खर्च कोणी करायचा हे सांगणारा. त्याच्या मजकुरातच नळ, धुराडी यांच्याबरोबर 'ऱ्होन' लिहिलाय. तो शब्द माहीत नसेल तर शेजाऱ्यांच्या बैठकीत आपल्या वाट्याला काय येतंय ते कळणार नाही.

रस्त्यावरच्या जाळीच्या गटाराला ग्लासगोत 'स्टँक' म्हणतात. एखादी गोष्ट वाया गेली, पैसे बुडाले की 'डून द स्टँक'. डंडीकडे त्याच गटाराला 'कंडी' म्हणतात, तो 'कॉन्ड्युइट'चा बोलीतला अवतार. आणि 'साय्व्हर' हा आणखी एक जुना स्कॉट शब्द रस्त्याकडेच्या गटारासाठी. पाऊस इतका पडतो की शब्दांना तोटा नाही.

कौलारू (देवरूखजवळ)

रानजाई, धागा छान काढलात. दुसऱ्या प्रश्नाचं सविस्तर लिहितो.

आमचं घर मंगलोरी कौलांचं. (ही कौलं बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये कारखाना काढल्यापासूनची. त्याआधी कोकणात नळीची कौलं किंवा गवत.) छपराच्या माथ्यावर आडवं लाकूड ते आढं. तिथून दोन्हीकडे उतरणारी बाजू म्हणजे पाखं. पाख्यात वासे, वाशांवर रिपा, रिपांवर कौलं. पाखं भिंतीच्या बाहेर जिथे संपतं ती कड आणि तिच्याखालची जागा म्हणजे वळचण. तिच्यातून पडणाऱ्या धारा त्या पागोळ्या. म्हण सगळ्यांना ठाऊक आहे, आढ्याचं पाणी वळचणीला यायचंच.

पागोळी पडते कशी ते नीट बघण्यासारखं असतं. प्रत्येक कौलाच्या खोलगट भागातून एक धार, म्हणून धारांमधलं अंतर कौलाच्या रुंदीइतकं, अगदी मापून ठेवल्यासारखं. अंगण सारवलेलं असेल तर आषाढात जमिनीवर तितक्याच अंतरावर खळग्यांची ओळ उमटते, आणि श्रावणापर्यंत ते खळगे एकमेकांत मिसळून चर होतो. त्यासाठी पागोळीखाली जांभ्याचे तुकडे किंवा गोटे मांडतात. माती धुपत नाही आणि भिंतीवर चिखल उडत नाही.

आता पन्हळ. सगळ्या कडेला पन्हळ लावायची पद्धत आमच्याकडे जुन्या घरांना नाही. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, त्यात पालापाचोळा. अख्खी कड अडवली तर तुंबून पाणी उलटायचं. म्हणून पाणी मोकळं पडू द्यायचं आणि फक्त दारावर, पायरीवर, विहिरीकडच्या वाटेवर पन्हळ टाकायची. ती पोफळीची. पोफळ उभी चिरली की आतला भुसा खरवडून निघतो आणि घट्ट सालीची लांबच लांब पन्हळ हाती येते. कुडाच्या मेढीला सुंभाने बांधायची, एका अंगाला किंचित उतार द्यायचा, खाली हंडा. दोन-तीन पावसाळे टिकते.

उभा नळ? आमच्याकडे नव्हताच. पन्हळीच्या टोकातून पाणी सरळ खाली पडायचं. त्यामुळे शब्द असायचं कारण नाही.

मालवणकर_झील

@कौलारू, आमच्याकडे पागोळी म्हणत नाहीत, 'पावळी'. "पावळेखाली उभो रवा नको, भिजशीत" हे वाक्य लहानपणी रोज कानावर. गोव्यातही पांवळीच.

धातुविद (जमशेदपूर, मूळ सांगली)

कॉर्नवॉलचं कोणी आहे का इथे? तिथे छपराच्या पन्हळीला 'लाँडर' म्हणतात. आमच्या धंद्यात हा शब्द रोजचा. खनिज धुताना, फेस काढताना किंवा वितळलेला धातू एका भट्टीतून दुसरीकडे नेताना जी उघडी पन्हळ असते ती लाँडर. कॉर्नवॉल हा कथलाच्या आणि तांब्याच्या खाणींचा मुलूख. खाणीत पाण्याच्या लाकडी पन्हळी होत्या, तोच शब्द घराच्या छपरावर चढला. धुण्याची 'लाँड्री' आणि ही लाँडर एकाच मुळाची भावंडं.

कॉर्निश खाणकामगार जगभर गेले. आपल्या शेजारी कोलारच्या सोन्याच्या खाणींतही १८८० नंतर ते मोठ्या संख्येने आले होते. जिथे कॉर्निश माणूस खाणीवर गेला तिथे त्याने खाणीचे शब्द सोबत नेले.

दक्षिणवारा (डनीडिन, न्यूझीलंड)

इथे सरळ 'स्पाउटिंग' आणि 'डाउनपाइप'. 'गटर' म्हटलं तर लोक रस्त्याच्या कडेची नाली समजतात, म्हणजे आपल्यासारखंच! गावाबाहेरच्या घरांत स्पाउटिंगचं पाणी टाकीत जातं आणि तेच प्यायचं असतं, म्हणून स्पाउटिंग साफ नसणं हा आरोग्याचा प्रश्न आहे, नुसता गळतीचा नाही. पहिल्या पावसाचं पाणी टाकीत न जाता बाजूला काढणारी एक जोडणी मिळते, ती बसवून घ्यावी.

मेलबर्नी

व्हिक्टोरियातही 'स्पाउटिंग' ऐकू येतं, पण सिडनीकडचे सहकारी 'गटर' म्हणतात. एकाच देशात. इकडे पन्हळीतल्या सुक्या पानांची भीती पाण्यापेक्षा आगीची जास्त. वणव्यात ठिणग्या वाऱ्यावर लांब उडून येतात आणि पन्हळीतल्या पाचोळ्यावर पडून तिथून आग छपराखाली शिरते. उन्हाळ्याआधी पन्हळ साफ करा हे अग्निशमनवाले दरवर्षी बजावून सांगतात.

शब्दवेडी

माझ्या आवडीचा विषय निघाला, त्यामुळे जरा लांबण लावते.

अमेरिकेत याचा रीतसर नकाशा झालेला आहे. हान्स कुराथ यांनी १९४९ मध्ये पूर्व अमेरिकेचा शब्दभूगोल प्रसिद्ध केला, त्यात छपराची पन्हळ हा एक ठरलेला प्रश्न होता. ढोबळ चित्र असं: न्यू इंग्लंडच्या वस्तीत ईव्हस्ट्रॉफ आणि 'ईव्हस्पाउट', पेनसिल्व्हेनियात स्पाउटिंग आणि 'स्पाउट्स', दक्षिणेत गटर्स. माणसं जशी पश्चिमेला सरकली तसे शब्द त्यांच्या बैलगाड्यांतून सरकले. मिशिगनला ईव्हस्ट्रॉफ आला तो त्या वाटेने, आणि रानजाईंच्या ओहायोच्या बहिणीच्या तोंडी स्पाउटिंग आहे तो पेनसिल्व्हेनियाकडून.

पुढे अमेरिकी बोलींच्या मोठ्या कोशासाठी १९६५ ते १९७० या काळात १००२ गावांतून माणसांना प्रश्न विचारत फिरले. संशोधक ज्या गाड्यांत राहायचे त्यांना 'वर्ड वॅगन' म्हणत. असं काम बघितलं की मला वाटतं, आपल्याकडे निदान घराच्या भागांच्या शब्दांसाठी हे व्हायलाच हवं.

@सडेतोड, हे शब्द आपोआप मेले नाहीत, मरतील तर त्याला कारण असेल. पन्हळ गावचा पत्र्याचं काम करणारा कारागीर हाताने करायचा तोवर शब्दही गावचा होता. आता ॲल्युमिनियमची गुंडाळी गाडीवर आणून दारातच यंत्रातून अखंड पन्हळ काढतात, तिच्या जाहिराती देशभर एकच असतात. तरी कॅनडाने ईव्हस्ट्रॉफ सोडलेला नाही, तिथे तो कंपन्यांच्या पाट्यांवर आहे.

सडेतोड

@शब्दवेडी, @ग्लासगोकर, कायद्याचं उदाहरण पटलं. पण पुस्तिका नवख्यांसाठी असेल तर पंधरा शब्द देऊन गोंधळ वाढेल असं माझं अजूनही मत आहे. एक शब्द द्या आणि चित्र द्या.

रानजाई

@सडेतोड, चित्र देणारच आहे, ते महत्त्वाचं. पण शब्द जिथला तिथे हवा. माणूस अहवाल वाचतो तेव्हा त्याच्यासमोर चित्र नसतं, शब्द असतो. म्हणून प्रत्येक गावच्या मंडळाला त्यांच्या शब्दांचं वेगळं पान द्यायचं डोक्यात आहे.

वकीलकाकू (पुणे)

पागोळी हा कोर्टातला शब्द आहे हे कोणी लिहिलं नाही अजून. गावठाणातल्या जुन्या खरेदीखतांत चतुःसीमा सांगताना पागोळीची जागा सोडल्याचा उल्लेख येतो. आपल्या छपराची धार शेजाऱ्याच्या जमिनीवर पडते का, आणि ती पाडायचा हक्क आपल्याला आहे का, यावरून दोन-दोन पिढ्यांचे दावे चालतात. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे असा वापर हक्क म्हणून, उघडपणे, अखंड वीस वर्षं चालला असेल तर तो हक्क पक्का होऊ शकतो. म्हणून शेजाऱ्याने नवं छप्पर घालताना त्याची पागोळी तुमच्या अंगणात येत असेल तर वेळेवर लेखी हरकत घ्या, गप्प बसू नका.

हे आपल्याकडचंच नाही. रोमन कायद्यात छपराचं थेंबथेंब पाणी शेजाऱ्याकडे पडू देण्याचा स्वतंत्र हक्क होता. इंग्लंडमध्ये घराची पागोळी आपल्याच हद्दीत पडावी म्हणून मोकळी पट्टी सोडायची जुनी चाल, तिला 'ईव्हस्ड्रिप' म्हणत. त्या पट्टीत उभं राहून भिंतीआडचं बोलणं ऐकणारा तो 'ईव्हस्ड्रॉपर'. चोरून ऐकणं हा तिथल्या परंपरागत कायद्यात गुन्हा होता, ब्लॅकस्टोन या अठराव्या शतकातल्या इंग्रज कायदेपंडिताने त्याची व्याख्या देताना छपराची कड असं स्पष्ट म्हटलं आहे. तो गुन्हा १९६७ मध्ये रद्द झाला.

मालवणकर_झील

म्हणजे आमच्या वाडीत पावळेखाली उभं राहून ऐकणाऱ्या काकी इंग्लंडात असत्या तर तुरुंगात :)

वऱ्हाडी_ठसका (अकोला)

आमच्याकडं वयचन. ळ चा य होते इकडं. पण कौलारू म्हणतात तशी पागोळी सगळीकडं नाही. आमच्या जुन्या गावात मातीच्या धाब्याची घरं. लाकडाच्या सऱ्या, त्यावर काड्या, त्यावर पांढरी माती. धाब्याला वळचणच नसते, भिंत सरळ वर जाते. पाणी जायला भिंतीतून बाहेर आलेली एक पन्हाळ असते, लाकडाची नाहीतर पत्र्याची, हातभर बाहेर काढलेली, म्हणजे धार भिंतीपासून लांब पडते. मृगाआधी धाब्यावर माती टाकून चोपणं आणि पन्हाळीचं तोंड मोकळं करणं ही कामं एकाच दिवशी. पन्हाळ तुंबली तर माती पाणी पिते आणि धाबं बसते. गळणं वेगळं, बसणं वेगळं.

शब्दवेडी

@वऱ्हाडी_ठसका, हे फार मोलाचं लिहिलंत. म्हणजे 'पन्हळ' कोकणात कडेला लटकणारी आणि वऱ्हाडात भिंतीतून डोकावणारी. शब्द तोच, वस्तू दोन. मूळ संस्कृत 'प्रणाल', देवळाच्या गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर काढणारी दगडी नाळ. हिंदीत त्याचाच परनाला झाला. देवळांना तिचं तोंड मकराचं किंवा गाईचं करतात.

युरोपात भिंतीतून डोकावणाऱ्या पन्हळीला प्राण्याचं तोंड दिलं की 'गार्गॉइल'. फ्रेंचमध्ये घसा या अर्थाचा शब्द. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर मान वर करून बघा, तिथे असे दगडी प्राणी भिंतीतून बाहेर झेपावलेले दिसतात. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा आराखडा आणि कोरीवकामात जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी.

हाँगकाँगी

आडव्या-उभ्याचं माहीत नाही, आम्ही चाळिसाव्या मजल्यावर राहतो. पण खालचं सांगतो. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या काँक्रीटच्या कालव्याला इथल्या इंग्रजीत 'नल्ला' म्हणतात. आपलाच नाला! इंग्रजांनी हिंदुस्थानातून आणला आणि इथे सोडून गेले. माँगकॉकजवळ नल्ला रोड आहे, वान चायमध्ये स्टोन नल्ला लेन. कै टाकचा नल्ला साफसूफ करून सुशोभित केला तेव्हा त्याचं नाव बदलून कै टाक नदी केलं. मला ते नाव बदलणं आवडलं नाही.

पासिररिस (सिंगापूर)

इथे 'लाँगकांग'. मलय शब्द, पण चिनी, तमिळ, मराठी सगळे तोच वापरतात. मोठा असेल तर 'मॉन्सून ड्रेन'. कोरड्या दिवशी तळाशी बोटभर पाणी, आणि सर आली की अर्ध्या तासात माणूस वाहून जाईल इतकं. मुलांना शाळेत सांगतात, चेंडू लाँगकांगमध्ये पडला तर उतरायचं नाही.

गच्चीवाला (ठाणे)

उभ्या नळाचं उत्तर कोणी देत नाही म्हणून लिहितो. मी इमारतींच्या गळतीची कामं घेतो.

मुंबई-ठाण्यात उभ्या नळाला 'डाउनटेक' म्हणतात. प्लंबर, सोसायटीचे सेक्रेटरी, महापालिकेचे इंजिनिअर, सगळे. हा शब्द इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांना सांगितला तर ते गोंधळतात, आपल्याकडे मात्र निविदेत छापलेला असतो. उत्तर भारतात गच्चीच्या पाण्याच्या तोंडाशी जो खोलगट चौकोन करतात त्याला 'खुर्रा' म्हणतात, केंद्रीय बांधकाम खात्याच्या दरसूचीत तो त्याच नावाने आहे. जुन्या इमारतींत बिडाचे पाइप, आता पीव्हीसी.

गच्चीचे शब्द पुस्तिकेत नसले तरी इथे नोंद राहू द्या. गच्चीला पाणी वाहील असा उतार तो ढाळ, साधारण शंभराला एक. वरचा विटांचे तुकडे घालून केलेला थर तो कोबा. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात त्या काटकोनात सिमेंटची गोलाई भरतात तो वाटा. दहातल्या आठ गळत्या वाट्याच्या भेगेतून किंवा डाउनटेकच्या तोंडाशी निघतात, मधल्या गच्चीतून नाही. लोक पूर्ण गच्चीवर महागडं रसायन फासतात आणि तोंडाची जाळी पाचोळ्याने बंद असते. माझं प्रत्येक सोसायटीला सांगणं असतं, मेअखेरीस आधी बादलीभर पाणी ओता, ते कुठे थांबतं ते बघा, मग खर्चाचं बोला.

पंचमहातळी

@गच्चीवाला, बादलीची युक्ती इथल्या पन्हळीलाही चालते. दर दहा फुटांना पाव इंच उतार असावा लागतो. डोळ्याला तो दिसत नाही, पाण्याला दिसतो.

ग्लासगोकर

खाली उतरल्यावर पाण्याचं काय, हाही भाग घ्या. ब्रिटनमध्ये नळाचं पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्याला 'सोकअवे' म्हणतात.

पंचमहातळी

इथे 'ड्राय वेल'. आणि लांबट चर खणून त्यात खडी व भोकाचा पाइप घातला की 'फ्रेंच ड्रेन'. त्याचा फ्रान्सशी संबंध नाही. हेन्री फ्रेंच नावाचे न्यू इंग्लंडमधले न्यायाधीश होते, त्यांनी शेतातल्या निचऱ्यावर १८५९ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यावरून नाव. वॉशिंग्टनमधला लिंकनचा भव्य बसलेला पुतळा घडवणारे डॅनियल चेस्टर फ्रेंच हे त्यांचे चिरंजीव.

कौलारू

याला मराठीत 'शोषखड्डा' हा चांगला रुळलेला शब्द आहे. ग्रामपंचायतीच्या योजनांमुळे आता शाळकरी पोरांनाही माहीत.

न्यूजर्सीचा_दीर

वहिनींनी दुवा पाठवला म्हणून सदस्य झालो. 'गटर्स अँड लीडर्स' ही इथली जोडी, छप्परवाल्यांच्या गाड्यांवर तशीच रंगवलेली असते. न्यूयॉर्क शहराच्या बांधकाम नियमांतही लीडर आहे. बाहेरच्या राज्यातून आलेल्यांना तो शब्द पुढाऱ्यांचा वाटतो.

लीड्सची_लेक

यॉर्कशरमध्ये उभ्या नळाला 'फॉलपाइप'. दक्षिण इंग्लंडहून आलेल्या सहकाऱ्याला कळला नव्हता, त्यांच्याकडे डाउनपाइप किंवा ड्रेनपाइप. जुन्या दगडी घरांवर नळाच्या माथ्याशी पाणी गोळा करणारी पेटी असते, तिला 'हॉपर'. मोठ्या वाड्यांवर तिच्यावर साल आणि मालकाची आद्याक्षरं कोरलेली असतात, घर कधीचं ते तिथे वाचता येतं.

आयर्लंडवासी (कॉर्क)

इथे 'शूट्स'. आणि तुंबतात ते 'शोअर्स', म्हणजे जमिनीखालची गटारं, समुद्रकिनारा नव्हे. उत्तरेकडे, बेलफास्टला गेलं की परत स्पाउटिंग. न्यूझीलंडशी एवढं जुळतं याचं नवल वाटतं.

शब्दवेडी

अल्स्टरची, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातली, बरीच माणसं पेनसिल्व्हेनियातही गेली आणि न्यूझीलंडलाही. एका शब्दावरून इतिहास ठरवू नये, पण तिन्ही ठिकाणी स्पाउटिंग असणं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सडेतोड

एक साधा हिशेब पुस्तिकेत घ्या, शब्दांपेक्षा तो लोकांना हलवेल. शंभर चौरस मीटर छप्पर आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर पाणी. २५ मिलिमीटरची सर आली की अडीच हजार लिटर. हे सगळं चार नळांतून घराच्या चार कोपऱ्यांवर उतरतं. तोंड भिंतीपासून दूर असणं म्हणजे काय ते यातून कळतं. कौलारूंच्या तीन हजार मिलिमीटरला तेवढ्याच छपरावरून वर्षाला तीन लाख लिटर.

रानजाई

@सडेतोड, हा हिशेब जसाच्या तसा घेतेय, मनापासून आभार. टोरांटोत तर डाउनस्पाउट थेट शहराच्या गटाराला जोडलेला असेल तर तो तोडून पाणी अंगणात सोडणं बंधनकारक आहे. जोराच्या पावसात गटारं भरून लोकांच्या तळघरांत उलटतात म्हणून. तोडून झाल्यावर तोंडाला लांब पाइप जोडून पाणी भिंतीपासून निदान दोन मीटर न्यायचं हे पुढचं वाक्य लोक विसरतात. तेही मोठ्या अक्षरांत घालीन.

आता मराठी शब्दांचं ठरवूया. आडव्या पन्हळीला 'पन्हळ', यात वाद दिसत नाही. कडेला 'वळचण'. पाणी मुरवायला 'शोषखड्डा'. उभ्या नळाला कौलारूंकडे शब्द नाही, गच्चीवाल्यांकडे डाउनटेक आहे. मी 'उतरता नळ' लिहू का?

वकीलकाकू

'उतरता नळ' वाचताना कळतं, पण ऐकायला कृत्रिम वाटतं. नुसतं 'पन्हळीचा नळ' लिहा. कुठल्याही गावच्या माणसाला न विचारता समजेल.

गच्चीवाला

'पन्हळीचा नळ' उत्तम. कंसात त्या त्या गावचा शब्द.

वऱ्हाडी_ठसका

+१. आणि धाब्याच्या पन्हाळीचं चित्र मी काढून पाठवतो. गावात आता दोनच धाबी उरलीत, ती पडायच्या आधी काढून ठेवतो.

रानजाई

ठरलं, 'पन्हळीचा नळ'. वऱ्हाडी_ठसका, चित्र नक्की पाठवा, मापांसकट मिळालं तर फार बरं. कॅनडा, मिशिगन-ओहायो, न्यू जर्सी, स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंड अशी पानं आधी करते. आयर्लंडचं पान दोन भागांत करावं लागेल. साफसफाईचा महिना मी सगळीकडे नोव्हेंबर, पानगळ संपल्यावर, असा घातलाय.

दक्षिणवारा

नोव्हेंबर आमच्या पानावर चालणार नाही, इथे तेव्हा वसंत असतो. न्यूझीलंडसाठी एप्रिल-मे लिहा. आणि व्हिक्टोरियाच्या पानावर मेलबर्नींना विचारून उन्हाळ्याआधीची दुसरी सफाई वेगळी द्या, ती आगीसाठीची. दोन्ही पानं मला पाठवलीत तर या शनिवारी वाचून देतो.